आधी मैदान, मग पुली

गवत कापायच्या यंत्राची, म्हणजे लॉन मोअरची, पाती काढून ठेवायची, त्यावर बसायचे आणि शेतातल्या मातीच्या चक्रावर ते पळवायचे, असा एक खेळ इंग्लंड-अमेरिकेत गेली पन्नास-साठ वर्षे मनापासून खेळला जातो. या पुस्तिकेचा विषय त्या खेळातला एकच निर्णय आहे. इंजिनाच्या शाफ्टवर किती इंची पुली बसवायची, तिच्या समोर गिअरबॉक्सवर किती इंची, आणि पुढच्या-मागच्या स्प्रॉकेटला दाते किती ठेवायचे? चारच आकडे ठरवायचे असतात. पण शर्यतीच्या दिवशी इंजिन किती ताकदीचे यापेक्षा हे चार आकडे किती विचाराने निवडले, यावर निकाल अनेकदा ठरतो.

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या ट्वेल्व्ह माइल या छोट्या गावात 1963 पासून 4 जुलैला अशी शर्यत भरते. इंग्लंडात या खेळाला शिस्त आली ती 1973 मध्ये, वेस्ट ससेक्समधल्या विस्बरो ग्रीन गावच्या एका पबमध्ये. मोटारींच्या शर्यती फार महाग झाल्या आहेत, सामान्य माणसाच्या खिशाला परवडेल असे काय पळवता येईल, असा प्रश्न तिथे काही मित्रांसमोर होता. उत्तर प्रत्येकाच्या परसातल्या शेडमध्ये उभे होते. त्यातून ब्रिटिश लॉन मोअर रेसिंग असोसिएशन जन्माला आली. प्रायोजक नाहीत, रोख बक्षिसे नाहीत आणि इंजिनात फेरफार नाही, ही तिची तत्त्वे. 1978 पासून तिथे बारा तासांची शर्यतही होते. एका यंत्रावर तीन चालक आळीपाळीने रात्रभर फेऱ्या मारतात. स्टर्लिंग मॉस आणि डेरेक बेल यांच्यासारखे जगप्रसिद्ध शर्यतपटू या यंत्रांवर बसले आहेत. अमेरिकेतली राष्ट्रीय संघटना 1992 मध्ये स्थापन झाली. तिच्याकडे जवळपास कारखान्यातून आले तसे यंत्र ते पूर्ण बदललेले यंत्र, असे वेगवेगळे गट आहेत.

इंजिनाला हात लावायचा नाही, हा नियम ज्या गटात आहे तिथे सगळ्यांची ताकद जवळपास सारखी असते. उरते ती ताकद चाकापर्यंत नेण्याची वाट. ती कशी आखायची हे मात्र ज्याच्या-त्याच्या हाती असते. आणि ही वाट बहुतेक यंत्रांत एकच असते, म्हणजे चालता-चालता गिअर बदलायची सोय नसते. होंडाने 2014 मध्ये स्पेनच्या चाचणी-मैदानावर एक मोअर ताशी 187 किलोमीटरने पळवून दाखवला, पण त्यात मोटरसायकलचे हजार सीसीचे इंजिन आणि सहा गिअर होते. आपल्या विषयातल्या यंत्राला सुटतानाही तोच गिअर, वळणातून निघतानाही तोच आणि सरळ पट्ट्याच्या टोकाला पोचतानाही तोच. म्हणून एक प्रमाण निवडायचे आणि त्यात सगळे बसवायचे, हा या कामाचा गाभा आहे.

मुळात बसून चालवायचा मोअर संथ चालावा म्हणूनच घडवलेला असतो. इंजिन मिनिटाला 3600 फेरे मारते, आणि यंत्र ताशी आठेक किलोमीटरने गवतावरून सरकते. मागचे चाक वीस इंची धरले तर त्याचा घेर सुमारे 1.6 मीटर भरतो. म्हणजे चाक मिनिटाला जेमतेम 84 फेरे घेते. इंजिनाचे साधारण 43 फेरे झाले की चाकाचा एक. यातला थोडा वाटा पुलींचा असतो: इंजिनावर लहान पुली, गिअरपेटीवर मोठी. उरलेला सगळा वाटा गिअरपेटीच्या आतल्या दात्यांचा.

नवा माणूस सहसा पुलींपासून सुरुवात करतो. इंजिनावर तीन इंची आणि पेटीवर सहा इंची पुली असेल तर त्यांची अदलाबदल करायची. दोनास एक होते ते अर्ध्यास एक होते आणि यंत्र चौपट वेगाने पळते: ताशी आठचे बत्तीस. एका दुपारचे काम. पण त्याची किंमत आत भरावी लागते. पूर्वी पेटीत शिरणारा शाफ्ट मिनिटाला 1800 फेरे घेत होता, आता तो 7200 घेतो. त्याची बेअरिंगे, त्याचे ग्रीस, आतले दाते, यांतले काहीही या वेगासाठी घडवलेले नाही. पहिल्या काही फेऱ्यांत काही कळत नाही. मग पेटी हात लावता येणार नाही इतकी तापते, सीलमधून ग्रीस पाझरू लागते आणि एका वळणावर दाते उडतात. बाहेरून पुली बदलली तरी ताण आत साठतो, हे ध्यानात आले की माणूस पुढच्या टप्प्यावर येतो.

तो टप्पा म्हणजे काटकोनी गिअरबॉक्स आणि चेन. मोअरच्या इंजिनाचा शाफ्ट उभा, खाली तोंड करून असतो. चाकांचा ॲक्सल आडवा. फिरण्याची दिशा कुठेतरी नव्वद अंशांत वळवावीच लागते. म्हणून मूळची पेटी काढून तिच्या जागी एक लहान काटकोनी गिअरबॉक्स बसवतात. इंजिनावरून पट्टा तिच्या उभ्या शाफ्टवर येतो, तिच्या आडव्या शाफ्टवर पुढचे स्प्रॉकेट असते, आणि तिथून चेन मागच्या ॲक्सलवरच्या मोठ्या स्प्रॉकेटवर जाते. या पुस्तिकेतली सगळी गणिते याच रचनेची आहेत आणि गिअरबॉक्स एकास एक धरलेला आहे. तुमचा वेगळा असेल तर त्याचे प्रमाण एकदा गुणावे, बाकी रीत तीच राहते.

पट्टा आधी आणि चेन नंतर, हा क्रम का? इंजिनाजवळ फेरे जास्त आणि टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, कमी असतो. ॲक्सलजवळ फेरे कमी आणि टॉर्क कितीतरी जास्त. पट्टा घर्षणावर चालतो. त्याला वेग मानवतो, जबर ओढ मानवत नाही. चेन दात्यांवर चालते. तिला ओढ मानवते, अतिवेग मानवत नाही. पिठाच्या गिरणीतही मोटरकडून जात्याकडे ताकद पट्ट्यावरूनच जाते, आणि दाणा अडकला की पट्टा घसरून मोटर वाचवतो. मोअरचा पट्टा हीच राखण करतो. शिवाय तोच क्लचचेही काम करतो. पेडल दाबले की ताण देणारी आयडलर पुली मागे सरते, पट्टा ढिला पडतो. पेडल सोडले की तो हळूहळू पकड घेतो. सुटताना यंत्र पुढचे चाक न उचलता निघते, ते या घसरत-घसरत घेतलेल्या पकडीमुळे.

आता आकडे मांडून पाहू. मागचे चाक सोळा इंची, घेर 1.277 मीटर. इंजिन 3600 वर आणि इच्छा ताशी 60 किलोमीटरची. ताशी 60 म्हणजे मिनिटाला 1000 मीटर. चाकाला मिनिटाला 783 फेरे हवेत. 3600 ला 783 ने भागले की 4.6 येतात. हे झाले एकूण प्रमाण. आता ते वाटायचे. इंजिनावर चार इंची आणि गिअरबॉक्सवर सहा इंची पुली: दीड. पुढे बारा दाते, मागे सदतीस: 3.08. दोहोंचा गुणाकार 4.625. उलट दिशेने ताळा केला तर ताशी 59.6 किलोमीटर. वहीतले गणित इतकेच आहे आणि आठवीतल्या मुलालाही ते जमेल.

मोह याच जागी होतो. पुढचे स्प्रॉकेट बारा दात्यांचे काढून पंधराचे बसवले तर प्रमाण 3.7 होते आणि कागदावरचा वेग ताशी 74 च्या पुढे जातो. तीन दात्यांत पंधरा किलोमीटर. कोणाला नको वाटेल? पण 10 अश्वशक्तीचे इंजिन 3600 फेऱ्यांवर सुमारे 20 न्यूटन-मीटर टॉर्क देते. 4.625 च्या प्रमाणात तो चाकाच्या काठाशी सुमारे 450 न्यूटन ढकल देतो, 3.7 मध्ये फक्त 360. चालकासह वजन अडीचशे किलो धरा. वळणातून ताशी 30 ने बाहेर पडलेल्या या दोन यंत्रांसमोर 60 मीटरचा सरळ पट्टा आहे. घर्षण आणि हवेचा विरोध बाजूला ठेवला, तर पट्ट्याच्या टोकाला पहिले यंत्र ताशी 60 च्या आसपास पोचते. ज्याला कागदावर 74 दिले होते ते दुसरे यंत्र पोचते 56 वर. घर्षण आणि हवा हिशेबात धरली की दोघांचेही आकडे उतरतात, क्रम मात्र तोच राहतो. जास्त टॉपचे यंत्र त्या मैदानावर हळू ठरते, कारण त्याचा टॉप गाठायला जागाच नाही.

हे उदाहरण म्हणजे या पुस्तिकेचे सगळे म्हणणे आहे. पुली निवडायची ती इंजिनाकडे बघून किंवा शेजारच्याच्या यंत्राकडे बघून नव्हे, मैदानाकडे बघून. सर्वांत लांब सरळ पट्टा किती मीटरचा? त्याच्या आधीच्या वळणातून यंत्र साधारण किती वेगाने निघते? ब्रेक कुठे लावावा लागतो? ब्रेक लावायच्या थोडे आधी इंजिन आपल्या सर्वोच्च फेऱ्यांना टेकले, तर गिअरिंग बरोबर. पट्ट्याच्या मध्यावरच ते टेकले आणि पुढे नुसता आवाज होत राहिला, तर प्रमाण फार मोठे. दाते बदलून ते कमी करा. टोकापर्यंत ते टेकलेच नाही आणि वळणातून निघताना यंत्र कण्हत राहिले, तर प्रमाण फार लहान. लांब मैदान, आखूड मैदान, ओली माती, कडक कोरडी जमीन, या प्रत्येकाला वेगळे उत्तर आहे. बारा तासांच्या शर्यतीचे उत्तर आणखी वेगळे, कारण तिथे एका फेरीच्या वेळेपेक्षा पट्टा आणि चेन पहाटेपर्यंत टिकणे मोलाचे असते.

हे बदल किती बारकाईने करता येतात, हेही पाहण्याजोगे आहे. पुढच्या बारा दात्यांत एक वाढवला तर वेग आठ टक्क्यांहून अधिक बदलतो. मागच्या सदतीसमधला एक कमी केला तर पावणेतीन टक्के. म्हणून मैदान बदलले की पुढचे स्प्रॉकेट बदलावे आणि त्याच मैदानावर सकाळ-दुपारचा फरक साधायचा असेल तर मागचे. पुली मात्र वारंवार बदलू नये. पुली बदलली की पट्ट्याची लांबी बदलते, आयडलरची जागा बदलते आणि क्लचची सवय पुन्हा लावावी लागते.

मोजमापात पहिली चूक होते ती टायरची. टायरवर सोळा लिहिले आहे म्हणून घेर सोळा इंचांच्या हिशेबाने धरायचा, हे पुरेसे नाही. चालकाच्या वजनाने टायर बसतो, हवा कमी ठेवली तर आणखी बसतो. खरी रीत सोपी आहे. सपाट फरशीवर यंत्र उभे करा, शर्यतीत ठेवता तेवढीच हवा भरा, चालकाला सीटवर बसवा. टायर जिथे जमिनीला टेकतो तिथे टायरवर आणि फरशीवर खडूने एकाच रेषेत खूण करा. मग दोघांनी मिळून यंत्र सरळ ढकला. टायरवरची खूण पूर्ण फिरून पुन्हा खाली आली की फरशीवर दुसरी खूण करा. दोन खुणांमधले अंतर टेपने मोजा. तोच तुमचा घेर. टायर झिजला की पुन्हा मोजा; घेर जितके टक्के घटला तितके टक्के वेगही घटतो.

दुसरी चूक पुलीच्या मापाची. बाजारात चार इंची म्हणतात ते बाहेरच्या काठाचे माप. व्ही-पट्टा खाचेत उतरून बसतो, त्यामुळे ताकद त्याहून थोड्या लहान वर्तुळावर चालते. दोन्ही पुली मोठ्या असतील तर फरक किरकोळ, एक अगदी लहान असेल तर तो हिशेबात येतो. पट्टा खाचेच्या दोन तिरक्या भिंतींवर बसला पाहिजे, तळाला टेकता कामा नये. काढलेली पुली उजेडात धरून खाचेचा तळ पाहा. तिथे चकचकीत रेघ दिसली तर पट्टा तळाला टेकतो आहे. पट्टा झिजला आहे किंवा खाच, आणि घसरण तिथूनच सुरू होते. पट्ट्याच्या बाजू काचेसारख्या गुळगुळीत झाल्या असतील तर तो घसरून भाजला आहे, ताण वाढवून तो सुधारत नाही. ए-सेक्शनच्या पट्ट्याला तीन इंचांहून लहान पुली देऊ नये. फार घट्ट वळवल्याने तो आतून तडकतो, आणि लहान पुलीवर त्याची मिठी कमी पडते. आयडलर पट्ट्याच्या बाहेरच्या पाठीवर, लहान पुलीच्या जवळ बसवला तर ही मिठी वाढते.

चेनचे शास्त्र वेगळे. अर्धा इंच पिचची चेन गोल चाकावर नव्हे, कोनांच्या आकृतीवर वळते, आणि दाते जितके कमी तितकी ती आकृती ओबडधोबड. नऊ दात्यांच्या स्प्रॉकेटवर चेनचा वेग प्रत्येक दात्यागणिक सहा टक्क्यांनी वरखाली होतो, बारा दात्यांवर साडेतीन टक्क्यांच्या आत, सतरांवर दोनाच्या खाली. हा धक्का चेनला, बेअरिंगला आणि शेवटी चालकाच्या पाठीला जातो. म्हणून पुढे बारांच्या खाली जाऊ नये. मागचे स्प्रॉकेटही हवे तेवढे मोठे घेता येत नाही. याच पिचचे 72 दात्यांचे स्प्रॉकेट सुमारे 29 सेंटिमीटर व्यासाचे होते. तेरा इंची टायरवर ते जमिनीपासून जेमतेम दोन सेंटिमीटर उरते. पहिल्याच उंचवट्यावर चेन माती खाईल. जास्त घट हवी असेल तर काही वाटा पुलींकडे द्यावा लागतो, तो यामुळे. दात्यांचा आकडा निवडताना बारा आणि छत्तीसपेक्षा बारा आणि सदतीस बरे. दात्यांच्या आकड्यात आणि चेनच्या दुव्यांच्या आकड्यात समान भाजक नसला की चेनचे तेच दुवे त्याच दात्यांवर पुन्हापुन्हा येत नाहीत आणि झीज सगळीकडे सारखी पसरते.

एक मर्यादा ओलांडू नये, असे कळकळीने सांगावेसे वाटते. वेग वाढवायला काही जण इंजिनाचे फेरे मर्यादेत ठेवणारा गव्हर्नर काढून टाकतात. 3600 साठी ओतलेले फ्लायव्हील 7200 ला फिरवले तर त्याला फाडू पाहणारे बल दुप्पट नव्हे, चौपट होते. आतला ॲल्युमिनियमचा कनेक्टिंग रॉडही तेवढाच धोक्यात येतो. चार इंची पुलीचा काठ 3600 फेऱ्यांना सेकंदाला 19 मीटरने धावतो. सात हजारांवर तो 37 मीटरच्या पुढे जातो, आणि बिडाच्या पुलीची मर्यादा साधारण 33 मीटर मानतात. फुटलेल्या पुलीचा तुकडा चालकाच्या मांडीपासून हातभर अंतरावर सुटतो. ज्या गटांत जास्त फेरे चालतात तिथे घडीव फ्लायव्हील आणि पोलादी पुली वापरतात. ती तयारी नसेल तर वेग पुली-स्प्रॉकेटमधूनच काढावा.

पाती काढलेली असणे, चालक खाली पडला की इंजिन बंद करणारी मनगटाची दोरी, पट्ट्यावर आणि चेनवर झाकण, हेल्मेट, आणि नव्या वेगाला पुरणारा ब्रेक या गोष्टी गिअरिंगच्या आधी यायला हव्यात. ताशी आठसाठी बसवलेला ब्रेक ताशी साठला थांबवणार नाही. गिअरिंगच्या पहिल्या प्रकरणाआधी ब्रेकचे प्रकरण ठेवले आहे ते याचसाठी.

मराठी वाचकाने हे का वाचावे? आपल्याकडे मोअरच्या शर्यती होत नाहीत. पण पिथमपूरला होणाऱ्या बाहा एसएई इंडिया स्पर्धेत महाराष्ट्रातल्या अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या मुलांनी ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या 10 अश्वशक्तीच्या इंजिनावर गाड्या बांधल्या आहेत. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन हे मोअरच्या जगातले घराघरातले नाव. इंजिन सगळ्यांना सारखे, त्यात फेरफार नाही, फेरे 3800 ला बांधलेले. मग फरक पडतो तो ताकद चाकापर्यंत नेण्यात. त्या मुलांसमोरचा प्रश्न आणि ससेक्सच्या शेतात उभ्या असलेल्या मोअर-चालकासमोरचा प्रश्न एकच आहे. ज्यांना शर्यतीशी कर्तव्य नाही, त्यांनाही पॉवर टिलर, कडबाकुट्टी किंवा मोटरसायकलच्या चेन-स्प्रॉकेटसमोर हाच हिशेब करावा लागतो. आणि सामान दूरचे नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा भोसरीत चार इंची ए-सेक्शन पुली मागितली तर दुकानदार फक्त बोअर किती, एवढेच विचारतो.

या यंत्राचे मला मनापासून वाटणारे मोठेपण असे की यात काहीच झाकलेले नाही. पट्टा दिसतो, दाते मोजता येतात, प्रत्येक बदलाचा परिणाम पुढच्याच फेरीत कळतो. आजच्या मोटारीत गिअरबॉक्सचे आवरण उघडायलाही अधिकृत वर्कशॉप लागते. इथे दोन पाने, एक टेप आणि घड्याळ पुरते. यांत्रिक प्रमाणाचा अर्थ हाताला कळावा, असे मोठे शिक्षण इतक्या स्वस्तात दुसरीकडे मिळत नाही.

वाचताना सोबत वही ठेवावी. प्रत्येक शर्यतीनंतर पाच गोष्टी लिहाव्यात: मैदानाचा सर्वांत लांब पट्टा, टायरचा मोजलेला घेर, पुलींची मापे, स्प्रॉकेटचे दाते, आणि सरळ पट्ट्यावर इंजिन सर्वोच्च फेऱ्यांना नेमके कुठे टेकले ती जागा. एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही. अशा दहा-बारा नोंदी झाल्या की पुस्तिकेतल्या तक्त्यांची गरज कमी होईल. तक्ते कुणाच्या तरी मैदानावर केलेले असतात. वही तुमच्या मैदानाची असेल, आणि दोघांत फरक दिसला तर वहीवर विश्वास ठेवावा.